जाणाऱ्या खेळाडूचे देणे

खेळाच्या चाहत्याला एक दुःख असे असते, की ते दुसऱ्याला सांगतानाही त्याला संकोच वाटतो. घरातले कुणी गेलेले नाही, पैसा बुडालेला नाही. फक्त आवडता खेळाडू प्रतिस्पर्धी संघाला जाऊन मिळाला आहे. ऐकणारा हसतो. पण हे दुःख हसण्यावारी नेण्यासारखे आहे का?

अमेरिकेत बॉस्टनचा रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कचा यांकीज हे बेसबॉलचे संघ म्हणजे पिढीजात वैरी. १९१८ नंतर तब्बल ८६ वर्षे बॉस्टनला अजिंक्यपद मिळाले नव्हते. २००४ साली ते मिळाले, आणि तेही वाटेत यांकीजना हरवून. त्या लढतीत पहिले तीन सामने गमावल्यावर बॉस्टनने उरलेले चारही जिंकले. निर्णायक सातव्या सामन्यात जॉनी डेमनने दोन होमरन मारले. लांब केसांचा, दाढीवाला डेमन बॉस्टनच्या घराघरांतला झाला. आपण यांकीजकडे जाणे शक्य नाही, असेही तो २००५ मध्ये बोलून गेला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख डॉलरवर यांकीजकडे गेला. त्या संघाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे दाढी गेली, केसही कापले गेले. १ मे २००६ रोजी तो बॉस्टनच्या मैदानावर उतरला, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली, खोट्या नोटा भिरकावल्या. त्याने हेल्मेट उंचावून त्यांना अभिवादन केले.

आता न्याय कुणाच्या बाजूने द्यायचा?

जुने लोक म्हणतात, पूर्वीचे खेळाडू एकनिष्ठ होते. पण त्या निष्ठेची दुसरी बाजूही पाहायला हवी. बेब रूथला बॉस्टनने १९१९ च्या अखेरीस यांकीजना विकले, तो त्याने निवडलेला संघ नव्हता. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहावा, असा नियम होता. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडची रवानगी फिलाडेल्फियाला झाली, तेव्हा आपण विकायची-घ्यायची वस्तू नव्हे, असे म्हणून त्याने जाण्यास नकार दिला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. ती बेडी सुटली १९७५ च्या अखेरीस, एका लवादाच्या निर्णयाने. ज्याला जाण्याची मुभाच नाही, त्याच्या राहण्याला निष्ठा कसे म्हणावे? जाण्याचे स्वातंत्र्य आले, तेव्हाच राहण्याला मोल आले.

म्हणून चाहत्याच्या मनातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक, हानीची वेदना. ती खरी आहे, तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरी, विश्वासघाताचा आरोप. त्याला मात्र पुरावा हवा. डेमन गेला हा अपराध नव्हे. पोट, वय आणि कुटुंब त्यालाही होते. पण दिलेला शब्द हा शब्दच असतो. ठपका ठेवायचाच तर त्या बोलण्यावर ठेवावा, जाण्यावर नव्हे. शिवाय बॉस्टनच्या चालकांनी त्याला ४ कोटी देऊ केले होते. म्हणजे हिशेब त्यांनीही केलाच होता. नोटा मात्र फक्त खेळाडूवर पडल्या. आपल्या रागाचाही असाच स्वभाव आहे. जो समोर दिसतो त्याच्यावर तो तुटून पडतो, पडद्याआडचा सुटतो.

आपल्यापैकी अनेकांची घराणी कधीकाळी चाकरीसाठीच बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला आली. मागे राहिलेल्या गावाला चुटपुट लागली असेल. पण त्यांना कुणी बेइमान म्हटले असते तर ते आपल्याला रुचले असते का?

पुढे २००९ साली डेमन यांकीजकडूनही अजिंक्यपद जिंकला. त्याने २००४ चे होमरन पुसले जात नाहीत. मिळालेला आनंद परत मागण्याचा हक्क खेळाडूला नाही, आणि तो खोटा ठरवण्याचा हक्क आपल्यालाही नाही. प्रतिपक्षाकडून खेळताना त्याला विरोध जरूर करावा. तो खेळाचाच भाग आहे. पण त्याआधी एकदा, जे मिळाले त्याबद्दल, टाळी वाजवावी. तेवढे देणे आपण लागतो.