फिरून येतो

बाजारात एकदाही 'फिरून येतो' असे न म्हटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. दुकानदाराने पांढऱ्या गादीवर पंधरा साड्या उलगडलेल्या असतात. घ्यायची नाही हे आपल्या मनात ठरून गेलेले असते, आणि पायांत चपला सरकवता सरकवता आपण ते वाक्य बोलतो. दुकानदार मान डोलावतो, आपण सुटतो. पुढच्या दुकानात पुन्हा तेच. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, ते चित्रगुप्तच जाणे. ते खोटे होते का, हा प्रश्न मला पडला तो मात्र हैदराबादच्या लाडबाजारात, १९८९ मधल्या एका संध्याकाळी. नोकरीभर शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवल्यामुळे असेल, पण तो अजून माझा पिच्छा सोडत नाही.

आम्ही भालकीचे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य मोडले आणि बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आमच्या कचेऱ्यांची वाट बेंगळुरूकडे वळली. लग्नाच्या बस्त्याची वाट मात्र वळली नाही. घरात लग्न निघाले की जहिराबादवरून जाणारी बस धरायची आणि हैदराबादला गौलीगुड्याच्या भल्यामोठ्या अर्धगोल पत्र्याच्या मंडपात उतरायचे. तो मंडप २०१८ साली कोसळला, पण आमच्या पिढीला हैदराबाद म्हटले की आधी तोच डोळ्यांपुढे येतो. तिथून अफजलगंज, नया पूल ओलांडून मूसीपलीकडे गेले की पत्थरगट्टी सुरू होते. १९०८ च्या मूसीच्या महापुरानंतर शहर नव्याने आखायचे ठरले, १९१२ साली त्यासाठी सुधार मंडळ नेमले गेले, आणि सातव्या निजामाच्या कारकिर्दीत ही दगडी कमानींची दुतर्फा रांग उभी राहिली. पुढे चारकमान, मोत्यांची दुकाने, आणि १५९१ सालचा चारमिनार. त्याच्या पश्चिमेला जो रस्ता जातो, तो लाडबाजार.

पत्थरगट्टीच्या कमानींखालून चालण्याचे सुख काही वेगळेच. डोक्यावर दगडी छत, ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही. आपण दुकानाच्या बाहेरही नसतो आणि आतही नसतो. कमानीखाली उभे राहून कितीही वेळ पाहावे, पाहणाऱ्यावर कोणाचा हक्क नाही. लाडबाजारात तसे नाही. तिथे दुकाने अरुंद, अगदी रस्त्याला येऊन भिडलेली. नजर जरा रेंगाळली की 'आओ अम्मा, बैठो' म्हणून हाक येते. बसले की कानडी, तेलुगू, उर्दू, मराठी यांपैकी तुमची भाषा कोणती हे दुकानदार तुमच्या नेसण्यावरून ओळखतो आणि त्या भाषेतले दोन शब्द तरी बोलून दाखवतो. पाहण्याचे रूपांतर तिथे लगेच नात्यात होते.

त्या वर्षी धाकट्या बहिणीचे लग्न होते. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून बस्त्याला आई आणि मी असे दोघेच गेलो होतो. लाखेच्या बांगड्यांसाठी आईने एक जुने दुकान निवडले. म्हातारा कारागीर स्वतःच निखाऱ्यांच्या शेगडीपाशी बसलेला. रंग मिसळलेली लाख तो निखाऱ्यावर मऊ करी, फळीवर लाटून तिची कांडी करी, लाकडी दांड्यावर वळवून टोके गरम असतानाच जोडी, आणि मग त्या मऊ लाखेत चमकते खडे एकेक करून बसवी. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रात छायाचित्रे आली. ती पाहताना मला त्या म्हाताऱ्याची काळवंडलेली बोटे आठवली.

बहिणीचे मनगट अगदी बारीक. मापासाठी आईने आजीची चांदीची बांगडी आणली होती. म्हाताऱ्याने ती निरखली आणि म्हणाला, तयार माल सैल होईल, मापाचा जोड करायला तासभर लागतो. किंमत सांगितली. ती मला जास्त वाटली. मी घासाघीस केली, तो थोडा उतरला, मी आणखी ओढले, तो थांबला. आता उठून चालू लागलो की मागून हाक येईल, हे शहाणपण मला होते. मी उठलो आणि म्हणालो, "बघून येतो. तासाभरात येतो."

हाक आली नाही. त्याने फक्त विचारले, "आते ना, मास्टर साब?" मी मान हलवली.

पत्थरगट्टीत साड्या झाल्या. वाटेत दुसऱ्या एका दुकानात तयार बांगड्या कमी भावात मिळाल्या, त्या घेतल्या. आई म्हणाली, "अरे, त्या बाबांना सांगून येऊ या का?" मी म्हणालो, "अगं आई, असं सगळेच म्हणतात. तो काय आपली वाट बघत बसलाय?" लाडबाजारावरून जावे लागू नये म्हणून आम्ही आडगल्लीने निघालो. आता विचार केला की वाटते, माझ्या बोलण्यात काही खोटे नसते तर मला आडगल्लीची गरज का पडावी?

रात्री आठच्या सुमारास बसस्थानकावर आईने पिशव्या तपासल्या. आजीची बांगडी नव्हती. दुकानातून सटकण्याच्या घाईत मी ती म्हाताऱ्याच्या फळीवरच विसरलो होतो. आईला सामानापाशी बसवले आणि रिक्षाने परत गेलो. बाजार आवरत आला होता. शेजारची दुकाने बंद, याचे दार अर्धे उघडे. शेगडीत निखारे होते. फळीवर कागदात गुंडाळलेला बांगड्यांचा जोड, आणि त्यावर आजीची बांगडी.

माझ्या हातातले दुसऱ्या दुकानाचे पुडके त्याने पाहिले. तो चिडला होता, आणि त्याने ते लपवले नाही. म्हणाला, "घंटे में आतूँ बोले ना तुम? उस वास्ते अंगार रखा मैं. नक्को बोलते तो बुझा देता था."

मी तो जोड त्याने सांगितलेल्या किमतीला घेतला. त्याने पैसे मोजले आणि निखाऱ्यांवर पाणी ओतले. बसमध्ये मी सारी हकिकत आईला सांगितली. सांगताना माझ्या मनात आपण बाजू सावरल्याचे समाधानही असावे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घेतलास ते बरं केलंस. पण तू परत गेलास तो बांगडीसाठी. ती विसरली नसती तर?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पण माझ्या बाजूने काय काय म्हणता येईल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे.

पहिला बचाव असा, की 'फिरून येतो' याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. ज्याने कोणी फसत नाही, ते खोटे कसे? दुसरा बचाव याहून गोड आहे आणि तो आपल्या भाषेनेच दिला आहे. आपण कोणाच्या घरून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आमच्याकडचे कानडी शेजारी 'होगि बर्तीनि' म्हणतात, म्हणजे जाऊन येतो. तेलुगू माणूस 'वेळ्ळोस्तानु' म्हणतो, त्याचाही अर्थ तोच. या साऱ्या मुलखात माणसे एकमेकांचा निरोप घेतात ती येण्याच्या शब्दाने. मरणाची सावली पडू नये म्हणून 'जातो' टाळायचे, एवढा जुना संकेत त्यामागे आहे. मग दुकानदाराला 'येतो' म्हटले, तर तो निरोप समजावा, वचन का समजावे?

जर्मन तत्त्वज्ञ कांट याला यातले काहीच पटले नसते. १७९७ साली त्याने एक निबंध लिहिला. दारात खुनी उभा राहून आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला, तरी त्याच्याशीही खोटे बोलू नये, इतक्या टोकाला तो त्यात गेला. एवढा कडक नियम घेऊन लाडबाजारात एक पाऊलही टाकता यायचे नाही. मला अधिक जवळची वाटते ती द्रोणवधाची कथा. युधिष्ठिराचे वाक्य शब्दशः खरे होते, अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. का? कारण त्या वाक्यावर विसंबून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले. म्हणजे वाक्य खरे की खोटे, हे शब्दांवरून पुरते ठरत नाही. ऐकणाऱ्याने त्या वाक्यावर विसंबून काय केले, हेही पाहावे लागते.

तसे पाहिले तर माझा अपराध नेमका दिसतो. 'बघून येतो' एवढ्यावर मी थांबलो असतो, तर तो निरोप होता. त्याने शेगडी विझवली असती. मी 'तासाभरात' हा शब्द जोडला, माप त्याच्या फळीवर राहिले, त्याने विचारले तेव्हा मान हलवली. निरोपाचे वचन झाले ते तिथे. त्याने त्या वचनावर कोळसा जाळला, लाख वितळवली, दार उघडे ठेवले. सगळेच असे म्हणतात हे मी आईला सांगितले ते खरेच होते, पण त्याने ते खरे धरले की नाही, हे पाहण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

या दुखण्यावर पाश्चात्य व्यापाराने केव्हाच औषध काढले. क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस हेच असत्य मानले आणि सर्वांना एकच भाव सांगण्याचा नेम केला. पुढे पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको १८५२ साली 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार म्हणून आला. वस्तूवर किंमत लिहिलेली, कोणीही आत यावे, पाहावे, न घेता जावे, ही रीत त्याने तिथे रुजवली. पाहणारा ऋणातून मोकळा झाला. आज बंजारा हिल्सच्या काचेच्या बुटिकमध्ये 'फिरून येतो' म्हणायची वेळच येत नाही, कारण काही म्हणायचीच वेळ येत नाही.

२०२४ च्या डिसेंबरात बहिणीच्या नातीला घेऊन मी पुन्हा लाडबाजारात गेलो. म्हाताऱ्याचे दुकान मला सापडले नाही. दुसऱ्या एका दुकानात तिने वीसएक जोड काढायला लावले, पाचसहांची मोबाइलवर छायाचित्रे घेतली, आणि स्वच्छ शब्दांत म्हणाली, "नहीं चाहिए, थँक्यू." बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा, असाच जोड फोनवर स्वस्त मिळतोय." मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "पण मी खोटं कुठे बोलले?"

खरेच, कुठेच नाही. माझ्यापेक्षा ती सरळ वागली. त्या माणसाने तिच्या भरवशावर निखारे जपले नाहीत. पण वीस जोड काढून दाखवण्याचे आणि पुन्हा जागच्या जागी लावण्याचे श्रम त्याने केलेच होते, आणि ते भलत्याच दुकानदाराच्या कामी आले. तेव्हा मला उमगले की माझे बुडवणे एक प्रकारचे होते आणि तिचे दुसऱ्या प्रकारचे. खरे बोलले म्हणजे देणे फिटले, असे नाही. आणि दाखवले म्हणून घेतलेच पाहिजे, असेही नाही. मग तर गरिबाने बाजारात पाऊलच टाकू नये. देणे एवढेच, की समोरच्याचे हात आपल्यासाठी चालत आहेत हे डोळ्यांआड करू नये. घ्यायचे नाही हे मनात ठरले, त्या क्षणी ते त्याला सांगावे, म्हणजे पुढची घडी तो उलगडणार नाही.

हे सांगायला शब्दही आपलाच आहे. दखनीतला 'नक्को' हा मराठी 'नको'च. या शहराच्या बोलीला नकाराचा शब्द आपल्या भाषेने दिला, म्हाताऱ्याने तोच माझ्यापुढे ठेवला, आणि मराठीचा मास्तर असून मला तो वेळेवर सुचला नव्हता.

नातीला कमानीखाली थांबवून मी त्या दुकानात परत गेलो. म्हणालो, "नक्को भाई, आज कुछ नक्को. तुम्हारा वक्त लिए." तो जोड लावता लावता थांबला, थोडा चकित झाला, मग हसून म्हणाला, "कोई बात नहीं चाचा, आते रहो."

मी सवयीने म्हणालो, "येतो."