श्रावणातला तिसरा दिवस

आषाढातल्या अमावास्येला माझ्या आजोळी घरातले सगळे दिवे चिंचेने घासून पाटावर मांडले जात. समया, निरांजनं, कंदील, सगळे. आजी कणकेचे दिवे उकडायची. आत ही दिव्यांची पूजा चाललेली असे आणि मागे द्राक्षबागेच्या शेडमध्ये मामा आणि त्यांचे सोबती बसलेले असत. एकाच तिथीची ही दोन नावं आपण सगळे ओळखतो: दिव्यांची अमावास्या आणि गटारी. दुसऱ्या दिवशी श्रावण लागे आणि मामा दारूला हात लावत नसत. वर्षभर रोज पिणारा माणूस महिनाभर कडक राहतो, याचं निफाड तालुक्यातल्या त्या गावाला केवढं कौतुक होतं.

1994 च्या श्रावणात मामा गेले. पहिल्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, घाम फुटत होता. मामी म्हणाली, अंगातलं विष निघतंय, निघू दे. दुसऱ्या रात्री त्यांना झोप नव्हती, पोटात पाणीही ठरेना. तिसऱ्या दिवशी ते चादरीचे धागे उपसू लागले. भिंतीवर किडे दिसतायत म्हणून ओरडू लागले, वारलेल्या वडिलांशी बोलू लागले. आजीला वाटलं, देवीचं काही करायचं राहिलं. देवऋषी आला, लिंबू उतरवून झाले. संध्याकाळी झटका आला. शेजारच्यांच्या जीपमधून नाशिकला निघालो, पण चांदोरीच्या पुढे गेल्यावर मामीने गाडी थांबवायला सांगितली.

पिऊन पिऊन मेला, असं गाव म्हणालं. पण मामा पिऊन गेले नव्हते. ते दारू थांबवून गेले होते. हे समजायला मला वीस वर्षं लागली.

दारू मेंदूला दाबून धरते. रोज, वर्षानुवर्षं दाब आला की मेंदू तोल राखण्यासाठी उलट बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्याने एकदम दोर सोडून द्यावा आणि आपण पाठीवर आपटावं, तसं दारू एकाएकी बंद केल्यावर मेंदूचं होतं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. 12 ते 48 तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. आणि साधारण 48 ते 96 तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काही रुग्णांना भ्रम होतो. नसलेलं दिसतं, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात नुसतं डीटी. सगळ्यांना हे होत नाही. पण ज्याला आधी कधी फिट आली आहे, जो सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घेतो, ज्याचं यकृत बिघडलं आहे, त्याला धोका मोठा. उपचार नसेल तर माणूस दगावतो, वेळेवर मिळाला तर बहुतेक वाचतात.

हा उपचार फार महागही नाही. क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, अशा जुन्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत द्यायच्या आणि पाच-सात दिवसांत कमी करत आणायच्या. ब1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची इंजेक्शनं द्यायची आणि तीही ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी, कारण थायामिन नसलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. नाडी, रक्तदाब, ताप बघत राहायचं, खोलीत मंद दिवा ठेवायचा, जवळ ओळखीचं माणूस बसवायचं. डीटॉक्स म्हणजे एवढंच. पण ते घरी, कुणाच्या सांगण्यावरून, मेडिकलमधून गोळ्या आणून करायचं काम नाही. मात्रा चुकली किंवा वर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो.

हाच तिसरा दिवस रुग्णालयातही गाठतो. पाय मोडला म्हणून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी माणूस दाखल होतो. घरचे लाजेपोटी सांगत नाहीत की हा रोज दोन क्वार्टर घेतो. तिसऱ्या दिवशी तो सलाइन उपटून पळू लागतो आणि भुलीमुळे डोक्यावर परिणाम झाला म्हणून नातेवाईक डॉक्टरांशी भांडतात. झाकलेलं एक वाक्य केवढ्याला पडतं!

व्यसन सोडवण्यात दोन कामं आहेत. पहिलं काम आठवडाभराचं, ते औषधाचं. दुसरं वर्षानुवर्षांचं, ते माणसांचं. या दुसऱ्या कामात मराठी मुलखाने फार मोठं काही उभं केलं आहे. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यातली पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या पुडीत अडकू लागली, तेव्हा अनिल अवचट त्यांच्यात जाऊन बसले आणि त्यांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. तिथे बरे झालेले पेशंटच पुढे समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाला, कारण नवऱ्याच्या दारूने बायकोही आजारी पडते. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ काढलं. अमेरिकेत 1935 साली जन्मलेलं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1957 मध्ये मुंबईत आलं आणि आज गावोगावी शाळेच्या, चर्चच्या खोल्यांतून त्याच्या मीटिंगा चालतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे तुळशीची माळ आहे. पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्यांत असे कितीतरी जण चालतात, ज्यांनी माळ घातली आणि बाटली सोडली. माळेमागे शपथ असते आणि शपथेमागे रोज भेटणारी, टाळ हाती देणारी चार माणसं. संगत बदलते, संध्याकाळ बदलते. मी या परंपरेला फार मानते.

पण माळ घालण्याआधीचे सात दिवस कुणाचे? मुक्तांगण एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात, मानसोपचार जाणणाऱ्या डॉक्टरच्या हातून उभं राहिलं, ही गोष्ट आपण विसरलो. संगत तेवढी लक्षात ठेवली.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात दारूवर पूर्ण अवलंबून असलेले सुमारे 2 कोटी 90 लाख लोक आहेत. त्यांच्यातल्या 38 जणांमागे एकाला कसलातरी उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतो तो 180 जणांमागे एकाला. उरलेल्या 179 घरांत काय चालतं?

नाशिकमधल्या एखाद्या घराचा शोध कसा चालतो ते मी जवळून पाहिलं आहे. पहिला थांबा भिंतीवरची जाहिरात. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ पुडी भाजीत मिसळायची. काही पुड्यांत निव्वळ राख-माती असते, काहींत डायसल्फिरामसारखं औषध. हे औषध चांगलं आहे, 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा दारू नकोशी करण्याचा गुण सापडला. पण ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, हृदय दुबळं असेल तर जीवही जातो. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. नकळत भाजीतून देणारी बायको नवऱ्याच्या जिवाशी खेळत असते आणि तिला ते कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा थांबा फोनवरचं केंद्र. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असा फोन लावला. उत्तर आलं, तुम्ही काही करू नका, आमची गाडी येऊन उचलून नेईल. रात्री चौघे आले, पोराचे हात मागे बांधून घेऊन गेले. तीन महिने आईवडिलांना भेट नाही, पैसे मात्र आगाऊ. तो परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. पंधरा दिवसांत तो पुन्हा प्यायला लागला आणि आता आईशीही बोलत नाही. डॉक्टर तिथे महिन्यातून एकदा यायचे.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था त्यात आजार म्हणून धरल्या आहेत, म्हणजे अशा पेशंटला इतर रुग्णांसारखेच हक्क आहेत. साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. उपचार करणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा केंद्राच्या दारात उभं राहून सरळ विचारा: नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवता का? मानसोपचारतज्ज्ञ कोण, रोज येतात का? पहिल्या आठवड्यात रात्री नर्स असते का? फिट आली तर कुठल्या रुग्णालयात हलवता? आम्हाला भेटू कधी देता? या प्रश्नांवर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, तिथून पेशंट घेऊन माघारी फिरा.

ड्रग्जचं प्रकरण आणखी अवघड आहे आणि ते आता आपल्या दारात आलं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिक-पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा, म्हणजे एमडीचा कारखाना पकडला. माल सुमारे 300 कोटींचा असल्याचं सांगितलं गेलं. महिनाभर वर्तमानपत्रं त्यानेच भरली होती, पण ती पावडर ओढणाऱ्या मुलाला आईने कुठे न्यावं, हे मला त्यांत कुठे वाचल्याचं आठवत नाही. गर्दची ‘टर्की’, म्हणजे पुडी बंद झाल्यावरची अंगाची तडफड, कमी करायला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. एमडीला तसं खास औषध नाही. ते सुटलं की माणूस दिवसेंदिवस झोपतो, मग मनात काळोख दाटतो आणि जीव द्यायचे विचार येतात. तिथे उपचार म्हणजे जागता पहारा आणि बोलणारं माणूस. मालेगावात ज्याला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलाम. ती दारूसारखीच मेंदूला दाबून ठेवते, म्हणून ती एकदम बंद केली तर दारूसारखीच फिट येऊ शकते. बापाने रागाने गोळ्या गटारात फेकल्या की त्या घरात श्रावणाचा तिसरा दिवस सुरू होतो. आणि गर्दच्या पेशंटला सुटल्यानंतरचा धोका असतो: आधीचा डोस शरीराला आता पेलत नाही, एकदा ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा पुडी घेतली, तरी तो मरू शकतो. पोलिसांच्या भीतीने लपवणाऱ्या पालकांना सांगते, अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवन करणारा किंवा अल्प प्रमाणात बाळगणारा स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं.

दारूबंदी असावी की नसावी यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडतो. 27 जानेवारी 2022 ला अनिल अवचट गेले आणि त्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंजुरी दिली. पुढे तो निर्णय अडला. नाशिक तर वाईनची राजधानी, इथल्या द्राक्षावर माझं आजोळही जगलं, त्यामुळे हा वाद मला परका नाही. पण वाद कुणीही जिंको, खाट लागतेच. गावातल्या बायका मतदानाने बाटली आडवी करतात त्या रात्री मला आनंद होतो आणि तिसऱ्या दिवसाची काळजीही वाटते. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा केरळ सरकारने चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने तो थांबवला. 2021 च्या एप्रिलमध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीला, दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. त्यांना त्या दिवशी गोळ्या आणि खाट मिळायला हवी होती.

हे होऊ शकतं, कारण गडचिरोलीत ते चाललं आहे. 1993 पासून दारूबंदी असलेल्या त्या जिल्ह्यात 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झालं. बंदीच्या कामाबरोबरच तालुक्याला क्लिनिक आणि गावात उपचार शिबिर असं त्यांनी बसवलं. पेशंटने शहर शोधत यायचं नाही, उपचार त्याच्याकडे जातो. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्ये आहे. डॉक्टरांच्या परीक्षा इथून घेतल्या जातात. मग निफाड, कळवण, पेठ, सुरगाण्याच्या सरकारी रुग्णालयात डीटॉक्ससाठी चार खाटा, एक शिकवलेला डॉक्टर आणि गोळ्यांचा साठा का असू नये? उत्पादन शुल्काच्या पैशातून तो खर्च झाला पाहिजे. हा आमचा हक्क आहे आणि येत्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी हे विचारणार आहे.

तोवर जे आहे ते वापरा. नाशिकला त्र्यंबक रस्त्यावरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. टेलि-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय 14446, हे दोन्ही नंबर फुकट आहेत. आधी सात दिवसांच्या उपचाराची सोय करा, मग मुक्तांगण, मग मीटिंग, मग माळ, जे मनाला पटेल ते.

तुमच्या घरात रोज पिणारं कुणी असेल आणि पुढच्या श्रावणात ते सोडायचं म्हणत असेल, तर अमावास्येच्या आधी त्याला डॉक्टरकडे न्या. त्याला एकटं पाठवू नका, सोबत जा. आणि तो रोज किती घेतो, सकाळी पहिला घोट कधी घेतो, हे डॉक्टरांना खरं सांगा.