मोलाचें आतिथ्य

अतिथि ह्या शब्दाची जी व्युत्पत्ति आपल्याकडे परंपरेनें सांगतात तिच्याप्रमाणें, ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. मनुस्मृतींत त्याचें आणखी एक लक्षण दिलें आहे : जो एकच रात्र राहतो, ज्याचें राहणें नित्य नाहीं, तो अतिथि. ह्या दोन कसोट्या घेऊन जपानांतील ऱ्योकान नांवाच्या जुन्या पद्धतीच्या निवासगृहांकडे पाहिलें, तर एक विलक्षण विसंगति दृष्टीस पडते. तेथें उतरणारा प्रवासी बहुधा एखादीच रात्र राहतो. तेव्हां दुसऱ्या कसोटीस तो पुरेपूर उतरतो. परंतु शरदऋतूंत, मेपलचीं पानें लाल होण्याच्या दिवसांत, त्याच्या येण्याची तिथि कित्येक महिने आधीं ठरलेली असते. जेवणाची वेळ ठरलेली असते. आणि रात्रीचा निवास व दोन वेळचें जेवण मिळून माणशीं किती मोल द्यावयाचें, हेंहि ठरलेलें असतें. अशा माणसाला अतिथि म्हणावें कीं गिऱ्हाईक? आणि त्याचें जें आदरानें स्वागत होतें, त्याला आतिथ्य म्हणावें कीं निव्वळ व्यापार?

हें स्वागत कसें असतें तें आधीं पाहूं. उंबऱ्याशीं पादत्राणें उतरवावीं लागतात. खोलींत सामानाची दाटी नसते. जमिनीवर तातामी नांवाच्या जाड गवती चटया, मध्यें एक ठेंगणें मेज, सरकतीं कागदी दारें, आणि भिंतींतल्या कोनाड्यांत एखादें चित्र व एकदोन फुलें, एवढाच थाट. पाहुणा येतांच चहा येतो. मग युकाता नांवाचा सुती झगा चढवून तो ऊन पाण्याच्या सामायिक कुंडाकडे जातो. मात्र पाण्यांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुतलेंच पाहिजे, असा कडक संकेत आहे. रात्रीचें जेवण लहान लहान पात्रांतून क्रमाक्रमानें येतें, आणि तें आटोपलें कीं मेज बाजूस सारून तेथेंच बिछाना घालतात. हीं सर्व कामें सेविका करतात, आणि ओकामी म्हणजे घरची मालकीण त्यांवर देखरेख ठेवते. हा धंदा कांहीं आजकालचा नाहीं. यामानाशी प्रांतांतील असें एक निवासगृह इ. स. ७०५ मध्यें स्थापन झालें, असें परंपरा सांगते.

ह्यावर संशयखोर माणूस म्हणेल, "हें सारें ठीक आहे, पण पैसे देणें थांबवा, म्हणजे हे नमस्कारहि थांबतील." आक्षेप खरा आहे, परंतु त्यावरून जें अनुमान काढलें जातें तें खरें नाहीं. वैद्याला आपण पैसे देतों, गुरुजींना वेतन देतों. म्हणून रोग्याविषयींची कळकळ किंवा शिष्याविषयींची माया खोटी ठरत नाहीं. आपल्या भाषेनें तर ह्या प्रश्नाचें अर्धें उत्तर देऊन ठेवलें आहे. मोलानें राबणारी ती मोलकरीण, आणि जो पैशांत मोजतां येत नाहीं तो सल्लाहि मोलाचाच! किंमत आणि योग्यता ह्या दोहोंना आपण एकच शब्द वापरतों, कारण व्यवहारांत त्या दोन्ही पुष्कळदां एकत्रच नांदतात. खरा प्रश्न आहे तो एवढाच कीं, मोल दिलें तें नेमकें कशाचें?

ह्याचें उत्तर मला शिकोकु बेटावरील एका डोंगरी गांवच्या उद्योगांत सांपडतें. तोकुशिमा प्रांतांतील त्या गांवाचें नांव कामिकात्सु. जेवणाच्या पात्रांवर शोभेसाठीं मांडावयाचीं पानें व फुलें पुरविण्याचा धंदा तेथें १९८६ सालीं सुरू झाला, आणि तो मुख्यतः गांवच्या वयस्क स्त्रियांनीं वाढविला. भोजनगृहांतील ताटलीच्या कडेला जें लाल पान दिसतें, तें अशा एखाद्या आजीबाईनें वेंचून, निवडून, पुसून पाठविलेलें असूं शकतें. म्हणजे पान सुद्धां विकतच आलें! परंतु विकलें काय गेलें? वेंचणाऱ्या हातांचे कष्ट आणि निवडणाऱ्या डोळ्यांची पारख. पानाची लाली कोणी केलीच नव्हती, तेव्हां ती विकणार कोण? निवासगृहांतहि हाच हिशेब लागू आहे. आपण मोल देतों तें शिजविण्याचें, झाडण्याचें, बिछाना घालण्याचें. सेविकेचें अंतःकरण त्या मोलांत आलेलें नसतें. तिचें हसूं मनापासूनचें होतें कीं शिष्टाचाराचें, हें विचारण्याचा अधिकार आपणांस नाहीं. दिवसभराच्या कष्टांनंतर ती नीट वागली एवढ्यानें तिचें कर्तव्य पुरें झालें. त्याउपर ममतेचा एखादा शब्द मिळाला, तर तें दान समजावें.

शरदऋतूंत ही मर्यादा निसर्गच शिकवितो. रात्री गार पडूं लागल्या कीं पानांतील हिरवें द्रव्य नाहींसें होऊं लागतें. गिंकोच्या पानांत आधींपासून लपलेला पिवळा रंग त्यामुळें उघडा पडतो. मेपलच्या पानांत मात्र तांबडें द्रव्य नव्यानें तयार होतें. होक्काइदोच्या उंच डोंगरांवर हा पालट सप्टेंबरांतच सुरू होतो, आणि क्योतो शहरांत तो भरास येईपर्यंत नोव्हेंबर सरत येतो. त्यांतहि १९५३ पासून ठेवलेल्या सरकारी नोंदींवरून असें दिसतें कीं, मेपलचें लाल होणें दर दहा वर्षांमागें सुमारें तीन दिवसांनीं लांबत चाललें आहे. सारांश, पाहुण्याची तिथि ठरलेली. पण पान मात्र अजून खरें अतिथि आहे! महिनेच्या महिने आधीं खोली राखून ठेवणारा येतो आणि खिडकींतून पाहतो तों झाडें हिरवींगार. रागावणार कोणावर? पानें पाहण्यास हिंडणें ह्याला जपानींत मोमिजिगारी म्हणतात. शब्दशः पाहिलें तर मेपलची शिकार. परंतु ह्या शिकारींत सावज घरीं न्यावयाचें नसतें. जें दिसेल तें पाहून रिकाम्या हातांनीं परतावयाचें, हाच तिचा नियम.

येथवर पाहुण्याच्या मर्यादेविषयीं झालें. आतां यजमानाच्या दाराकडे वळूं. निवासगृहांसंबंधींचा जपानचा कायदा १९४८ सालचा आहे. स्पष्ट सांथीचा रोग, जुगारासारख्या गैरप्रकाराची भीति, जागा नसणें अशीं ठराविक कारणें सोडल्यास आलेल्या माणसाला नाकारतां येत नाहीं, असें तो सांगतो. २००३ च्या नोव्हेंबरांत, ऐन ह्याच ऋतूंत, कुमामोतो प्रांतांतील एका निवासगृहानें कांहीं पाहुण्यांना घेण्याचें नाकारलें. हे पाहुणे किकुची केइफुएन ह्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे रहिवासी होते. त्यांचा रोग केव्हांच बरा झाला होता, आणि अशा रोग्यांना समाजापासून तोडणारा कायदाहि १९९६ सालीं रद्द झाला होता. प्रांतिक सरकारनें त्यांच्या सहलीसाठीं खोल्या ठरविल्या होत्या. तिथि होती, मोल होतें. दार मात्र उघडलें नाहीं. इतर पाहुण्यांना अडचण होईल, असें कारण देण्यांत आलें. पुढें सरकारनें त्या निवासगृहाचा धंदा कांहीं दिवस तहकूब करविला, व २००४ सालीं तें बंदच झालें. परंतु त्याहून शोचनीय गोष्ट ही कीं, निवासगृहाची क्षमायाचना त्या रहिवाशांनीं प्रथम स्वीकारली नाहीं, तेव्हां शिव्याशापांनीं भरलेलीं पत्रें त्यांनाच येऊं लागलीं.

आतिथ्याला पैशाचा विटाळ होतो म्हणणारांनीं ह्या प्रसंगाचा विचार करावा. येथें पैशानें कांहींच बिघडविलें नव्हतें. निदान व्यापार जरी सचोटीनें केला असता, तरी आतिथ्य घडलें असतें! आणि दार बंद झालें तें कोणाच्या नांवानें? "इतर पाहुण्यांच्या." आपल्या निर्मळ सुखासाठीं दुसऱ्या कोणाला दाराबाहेर ठेवलें जात आहे, ही गोष्ट त्या इतर पाहुण्यांना बहुधा ठाऊकहि नसेल, तरी त्यांच्या सोयीचें मोल त्या वृद्ध माणसांनीं दिलें. दुसऱ्या बाजूनें पाहुण्यांचाहि जुलूम असतो. तो इतका वाढला कीं, अवाजवी मागण्यांचा वारंवार हट्ट धरणाऱ्यास नाकारण्याची मुभा डिसेंबर २०२३ पासून कायद्यालाच द्यावी लागली. एकीकडे माणसाचा पूर्वेतिहास पाहून दार लावणारा यजमान, दुसरीकडे पैसे मोजले म्हणून घर आपलें समजणारा पाहुणा. आतिथ्य मरतें तें ह्या दोघांच्या हातून. बिचारा पैसा निमित्तमात्र.

म्हणून आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर तें असें : तिथि ठरली किंवा मोल दिलें, एवढ्यानें माणूस अतिथि राहत नाहीं असें नव्हे. मनूची दुसरी कसोटी अधिक खोल आहे. येथें माझें राहणें नित्य नाहीं. ही खोली, हें पाणी, हें झाड उद्यां दुसऱ्या कोणाचें असेल. आणि तो दुसरा कोण असावा हें ठरविण्याचा हक्क मीं विकत घेतलेला नाहीं. एवढी जाणीव जो उंबऱ्यावर पादत्राणें उतरवितांना बरोबर आंत नेतो, तो पैसे देऊनहि अतिथिच आहे. ज्याच्यापाशीं ती नाहीं, त्याला फुकट ठेवून घेतलें तरी तो गिऱ्हाईकच राहणार.