सरमेचा प्रश्न

नरकचतुर्दशीच्या पहाटे रावेरच्या आमच्या गल्लीत पहिला सुतळी बाँब उडाला की माणसे अभ्यंगस्नानाला उठतात आणि कुत्री एकाएकी नाहीशी होतात. कोणी ओट्याच्या कोपऱ्यात शिरते, कोणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली अंग चोरून बसते. एरवी स्टेशनापासून बाजारापर्यंतचा सगळा मुलूख आपलाच समजणारा एक दांडगा पिवळा कुत्रा त्या पहाटे मुकाट्याने माझ्या बाजेखाली येऊन बसतो. वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो, पोळ्याला बैलाला पुरणपोळी घालतो. राखणदाराच्या वाट्याला मात्र आपल्याकडे सण आलेला नाही. नेपाळात याच चतुर्दशीला कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळी टिळा लावतात. बाजेखालच्या पाहुण्यासमोर पोळीचा तुकडा टाकताना मी मनातल्या मनात तो टिळा उरकून घेतो.

यंदा या पाहुण्याखेरीज घरात एक पिल्लूही आले आहे. माझ्या नातवाने ते हट्टाने आणले आणि त्याला ‘शिकवायचे’ व्रतही घेतले. परवा संध्याकाळी तो शाळेतून आला, तर त्याच्या नव्या चपलेचा पट्टा कुरतडलेला. चप्पल कुरतडून तीन-चार तास तरी झाले असावेत, कारण पिल्लू दुपारपासून माझ्याजवळच झोपले होते. नातवाने त्याला मानगुटीला धरून चपलेपाशी नेले, ती नाकापुढे धरली आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राची सुरळी उगारली. पिल्लाचे कान मागे गेले, शेपटी पोटाखाली गेली, डोळे भिंतीकडे वळले. “बघा आबा,” नातू विजयाने म्हणाला, “त्याला सगळं कळतंय! कसा खाली बघतोय, चोर!”

मी त्याच्या हातातली सुरळी काढून घेतली. त्याला वाटले, आजोबांना पिल्लाची दया आली. खरे सांगायचे तर मला त्या क्षणी पिल्लू दिसतच नव्हते. मला चांद्या दिसत होता.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी मळा आणि दुपारी शाळा, असा माझा दिवस असे. गावाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला आमची केळीची बाग होती. मृगबागेची लागण नुकतीच झाली होती. कंद जमिनीत जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील. एका सकाळी जाऊन पाहतो, तर दोन ओळींतले कंद उकरून, चावून बाहेर टाकलेले. आणि त्या उकरलेल्या मातीतच, नाकाला चिखल लावून, आमचा चांद्या बसलेला. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांद्या. बांधावरची काठी माझ्या हाती आली. मी त्याला हाक मारली. तो जमिनीला पोट घासत, नजर चुकवीत आला, उताणा झाला, भीतीने जागच्या जागी ओला झाला. याहून स्पष्ट कबुली ती कोणती? मी फिर्यादी, मीच साक्षीदार, मीच न्यायाधीश. आणि काठीही माझ्याच हातात. खटला एका मिनिटात संपला.

तो ओरडत बांधापलीकडे गेला, तेव्हा आमचा म्हातारा सालदार पाटाचे पाणी वळवून आला. त्याने उकरलेल्या जागेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि खाली बसून चिखलात बोट टेकवले. “गुरुजी, हे काय कुत्र्याचं काम हाये? राती डुकरं आले व्हते. हे पाहा खूर.”

खूर होते. एक नाही, शेपन्नास. मला ते आधीच दिसायला हवे होते. वरमून मी म्हणालो, “मग हा असा चोरासारखा का बघत होता?”

“त्याले तुमच्या हातातली काठी दिसत व्हती ना!” तो म्हणाला आणि फावडे उचलून चालू लागला.

एवढेच ते वाक्य. पुढे मी पुष्कळ पुस्तके वाचली, पण त्याच्या पलीकडे फारसा गेलो असे मला वाटत नाही. २००९ साली न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीने कुत्र्याच्या या ‘अपराधी चेहऱ्या’ची रीतसर परीक्षा केली. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खाऊ नकोस म्हणून बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. मालक परत आल्यावर त्याला कधी खरे सांगत, कधी खोटे. म्हणजे कित्येकदा ज्या कुत्र्याने खाऊला तोंडही लावले नव्हते त्यालाच मालक रागे भरत असे. निष्कर्ष असा निघाला, की कान पाडणे आणि नजर चुकवणे यांचा संबंध कुत्र्याने काय केले याच्याशी नसून मालक काय करीत आहे याच्याशी होता. आणि ज्याने आज्ञा पाळली होती त्याला रागावले, की त्याचा चेहरा सर्वांत जास्त अपराधी दिसे! निर्दोष जीव दोषी जीवापेक्षा अधिक दोषी दिसावा, यापेक्षा न्यायाची मोठी थट्टा कोणती?

या प्रयोगाचा विचार करताना माझ्या मनात महाभारताचा आरंभ आला. महाभारताच्या शेवटचा कुत्रा आपणा सर्वांना ठाऊक आहे. युधिष्ठिराने त्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारले, आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघाला. पण आदिपर्वाच्या तोंडाशीही एक कुत्रा आहे, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. जनमेजय राजा भावांसह कुरुक्षेत्रात सत्र करीत असता देवशुनी सरमेचे पिल्लू तिथे गेले. राजाच्या भावांनी त्याला झोडपले. ते रडत आईकडे आले. आईने आधी आईसारखाच प्रश्न विचारला: तूच काही केले असशील. पिल्लू म्हणाले, मी काही केले नाही. हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग चाटणे दूरच. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली आणि तिने विचारले: माझ्या मुलाने काही केले नाही, मग त्याला का मारले? त्यावर कोणी काहीच बोलले नाही. सरमेने शाप दिला, की निरपराध्याला मारलेत, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल.

लहानपणी मला हा शाप फार मिळमिळीत वाटे. ना भस्म होणे, ना शिळा होणे. नुसते भय, तेही न दिसणारे! आता वाटते, की न विचारता दंड करणाऱ्याला दुसरा शाप द्यावाच लागत नाही. हाच जनमेजय पुढे सर्पसत्र मांडतो. दंश केला एका तक्षकाने, आणि आगीत पडू लागली सापांची सारी जात. पिल्लाच्या वेळी जी चूक काठीएवढी होती, ती तिथे यज्ञकुंडाएवढी झाली. आस्तिकाने येऊन ते सत्र थांबवले, पण तोवर किती निरपराधी जळाले असतील, कोणी मोजले?

पंचतंत्रातली मुंगसाची गोष्टही आपण मुलांना सांगतो. सापापासून बाळाला वाचवणाऱ्या मुंगसाचे तोंड रक्ताने माखलेले पाहून बाई त्याला ठार करते आणि मग ऊर बडवते. गोष्ट चांगली आहे, पण तिच्यात एक सोय आहे. तिथला निरपराधी उपकारकर्ताही आहे. चांद्याने त्या रात्री डुकरांशी झुंज घेतली असेल, असे समजायला मला आवडले असते. पण अंगावर ओरखडा नव्हता आणि सालदाराने भुंकणेही ऐकले नव्हते. बहुधा तो कुठेतरी झोपला असेल आणि सकाळी वास घेत तिथे जाऊन बसला असेल. त्याने पराक्रम केला नाही. त्याने फक्त गुन्हा केला नव्हता. सरमेच्या पिल्लानेही काही पराक्रम केला नव्हता, आणि ते शेवटी धर्मही निघाले नाही, पिल्लूच राहिले. मार न खाण्यासाठी कोणावर उपकार करून ठेवावे लागावेत, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, मास्तर, हे फार हळवे झाले. कुत्रा चावतो, लहान मुलांच्या अंगावर जातो, कोंबड्या मारतो. त्याला शिस्त नको का? हवी. रस्त्यावर धावणाऱ्या कुत्र्याला हाकेसरशी थांबता आले नाही, तर तो भुसावळ रस्त्यावरच्या ट्रकखाली जाईल. शिकवणे हे प्रेमाचेच काम आहे. प्रश्न आहे तो, आपण शिकवतो आहोत की नुसते राग काढतो आहोत, याचा. कुत्र्याच्या हिशेबात कर्म आणि फळ यांमध्ये फार अंतर चालत नाही. त्याने बसावे आणि त्याच क्षणी तुकडा मिळावा, म्हणजे बसणे आणि तुकडा यांची गाठ पडते. दुपारी कुरतडलेल्या चपलेची शिक्षा संध्याकाळी केली, तर गाठ पडते ती संध्याकाळ, चप्पल आणि धनी यांची. पिल्लू एवढेच शिकते, की धनी घरी आला की संकट येते.

शिवाय सगळे कुत्रे एका मातीचे नसतात. नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या सवयींवर आयुष्य घालवले. आणि एकच धडा एकाला सहज येतो, दुसऱ्याला बिथरवतो, हे पाहून त्यांनी कुत्र्यांच्या स्वभावांची प्रतवारी लावली. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, पिंजऱ्यांत पाणी शिरले, कुत्र्यांना पोहत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काहींचे शिकलेले सारे विसकटले. आणि एका कुत्र्याचा धडा पुन्हा बसल्यावरही, दाराखालून पाण्याची नुसती धार आत आली, तेवढ्याने मोडला. महिने लावून शिकवलेले एका दिवसाच्या भीतीने वाहून जाते. आणि भीतीने शिकवलेले मात्र कशानेही वाहून जात नाही. चांद्याचा सख्खा भाऊ शेजारच्या मळ्यात होता. त्याला दिवसातून दहा वेळा दगड पडत, आणि अकराव्या वेळी तो पुन्हा भाकरीच्या फडक्यापाशी हजर असे. तशाच एका माराने चांद्या मात्र कायमचा बदलला.

आणि कसा बदलला, हेच मला सांगायचे आहे. तो फार आज्ञाधारक झाला. पूर्वी दोन हाका मारल्या तरी येत नसे. खारीमागे, फुलपाखरामागे धावत असे. आता पहिल्या हाकेला येई, पण पोट जमिनीला लावून. बस म्हटले की बसे, आणि ऊठ म्हणेपर्यंत उठत नसे. पाहुणे म्हणत, “गुरुजी, कुत्रा काय शिकवलाय तुम्ही!” मी हसत असे. अमेरिकेत १९६७ साली सेलिगमन आणि मायर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या कुत्र्यांना काही केले तरी न चुकवता येणारे विजेचे झटके दिले होते, त्यांतले बहुतेक पुढे सुटकेची वाट समोर असतानाही नुसते पडून राहिले. तो वृत्तान्त वाचताना मला त्या पाहुण्यांची शाबासकी आठवली. आपण ज्याला शिस्त म्हणून मिरवतो, त्यात निम्मा भाग कोणीतरी आशा सोडल्याचा असतो, हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

उशीर म्हणतो, कारण दुपारी मी शाळेत जात असे, आणि तिथेही माझ्या हातात छडी असे. ‘मान वर करून सांग’ म्हटल्यावर जो मुलगा मान खाली घालतो तोच चोर, हा माझा बिनतोड नियम होता. त्या सकाळनंतर तो नियम मला पुन्हा तितक्या खात्रीने लावता आला नाही. खडूंची पेटी हरवली, की मी मुलांच्या चेहऱ्यांकडे बघण्याआधी कपाटाखाली बघू लागलो. पेटी दोनदा तिथेच सापडली. त्याआधीच्या वर्षांत किती जणांनी माझ्या हातातली छडी पाहून मान खाली घातली असेल, याचा हिशेब मात्र माझ्याजवळ नाही. सरमेने सांगितलेले न दिसणारे भय बहुधा हेच असावे.

नातवाला मी हे सगळे सांगितले नाही. एवढ्याशा चपलेसाठी एवढे महाभारत कशाला? चांद्याची गोष्ट तेवढी सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग उठला, घरातल्या सगळ्यांच्या चपला गोळा केल्या आणि वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या. पिल्लाला चघळायला त्याने सुताचा जुना दोर आणून दिला. कुत्र्यांच्या शिक्षणावरचा इतका चांगला ग्रंथ मी तरी वाचलेला नाही.

झोपताना त्याने विचारले, “आबा, मग त्या काठीचं काय केलं तुम्ही?”

काठी मी त्याच दिवशी चुलीत घातली होती. पण चांद्या पुढे सात वर्षे जगला, आणि खुंटीवरची छत्री काढायला मी हात वर केला, तरी तो पोट जमिनीला लावीत असे. त्याला ती काठी शेवटपर्यंत माझ्या हातात दिसत राहिली.