कुलूप कोणाचें?

सोलापुरास आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या वैशाखांत मोठा चमत्कारिक वाद उपस्थित झाला. त्यांच्या चिरंजीवांनीं, मामांनीं अमेरिकेहून आणलेलें जुनें प्लेस्टेशन माळ्यावरून काढलें, विजेचा दाब कमी करणारी पेटी लावली व तें टीव्हीला जोडलें. सोनी कंपनीनें हें खेळाचें यंत्र १९९४ सालीं जपानांत विक्रीस काढलें व २००६ सालीं त्याची निर्मिति थांबविली. आतेबहिणीनें जपानांत दाम मोजून घेतलेली खेळाची सीडी, म्हणजे तबकडी, त्यांत घातली. यंत्रानें ती साफ नाकारली. नवी पेठेंतील एक कारागीर म्हणाला, “नखाएवढी चिप बसवून देतों, मग वाटेल ती तबकडी चालेल.” वडिलांनीं ‘ही चोरी होय’ असें निक्षून सांगितलें, आणि निवाड्यास आम्हांस बोलाविलें.

या कुलपाची रचना चतुर आहे. तबकडीच्या आरंभींच्या भागांतील रेषेला मुद्दाम सूक्ष्म हेलकावा दिलेला असतो, व त्यांत चार अक्षरें दडविलेलीं असतात. शेवटचें अक्षर जपानसाठीं एक, अमेरिकेसाठीं दुसरें, युरोपसाठीं तिसरें. घरीं नक्कल उतरविली तर खेळ उतरतो, हेलकावा उतरत नाहीं. चिप तींच अक्षरें यंत्राच्या कानांत परस्पर सांगते, आणि यंत्र फसतें.

बसल्या जागीं आमचें लक्ष खालच्या सोलापुरी चादरीकडे गेलें. १९९९ च्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखालीं तिच्याही नांवास संरक्षण आहे. परंतु तें नांव माल अस्सल असल्याची ग्वाही देतें आणि दुकानाच्या उंबरठ्याशींच थांबतें. चादर सोलापुरांत पांघरावी कीं तोक्योंत, हें कोणी पुसत नाहीं. तबकडीची खूण मात्र विक्री झाल्यावरही घरांत ठाण मांडून बसते, आणि खोट्याबरोबर खऱ्यालाही दाराबाहेर उभें करते. नक्कल रोखण्याचा कर्त्याचा अधिकार आम्हांस मान्य आहे. पण या अस्सल तबकडीस अडवून कोणती चोरी टळली?

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठानें २००५ सालीं सोनीविरुद्ध निर्णय दिला. हें कुलूप नक्कल करण्यास अडवीतच नाहीं, झालेली नक्कल चालूं देत नाहीं एवढेंच, असें त्याचें म्हणणें पडलें. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनें स्वामित्वहक्काच्या कायद्यांत ६५अ हें कलम आलें. हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप फोडणारास त्यांत दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हेतूवरचा हा भर आम्हांस योग्य वाटला. परंतु वडील म्हणाले, “चिपेला हेतु कोठें कळतो? बाजारांत ती परदेशच्या खऱ्या तबकड्यांसाठीं थोडीच बसवीत. रस्त्यावरच्या स्वस्त नकलांसाठीं बसवीत.” हें खोडून काढणें आम्हांस साधलें नाहीं.

तरीहि आम्हीं चिप बसवावी असेंच मत दिलें. वडील नाखुषीनें ‘बरें’ म्हणाले.

निघतांना चिरंजीवांनीं दारांत गांठून विचारलें, “काका, जो खेळ आतां कोणी विकीतच नाहीं, त्याची नक्कल घेतली तर कोणाचें बुडतें?” विक्री थांबली म्हणून हक्क थांबत नाहीं, असें आम्हीं सांगितलें खरें, पण सांगतांना आमच्याच कपाटांतील, पुन्हां न छापल्या गेलेल्या एका पुस्तकाची झेरॉक्स प्रत डोळ्यांपुढें येत होती.