परस्पर घेतलेली फी

शास्त्रभाग : उत्पत्ती ३९:१-९, २ राजे ५:१५-२७, लूक १६:१०-१२



बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कोठेही पाहा, आपल्या मंडळ्यांत घरोघरी जाऊन शिकवण्या घेणारे भाऊबहिणी आढळतात. कोणाला कायमची नोकरी नाही, कोणाच्या घरी मिळवते माणूस एकच आहे. अशांपैकी पुष्कळांना काम मिळते ते शिकवणी ब्यूरोमार्फत. पालक ब्यूरोकडे विचारणा करतात, ब्यूरो शिक्षकाला त्या घरी पाठवितो आणि आपला हिस्सा घेतो. काही ठिकाणी पहिल्या महिन्याच्या फीतून, काही ठिकाणी दरमहाच्या फीतून.

दोनतीन महिने गेले, मुलाचे गुण वाढले, म्हणजे एके दिवशी चहाचा कप पुढे करीत पालक म्हणतात, "सर, आता त्या ब्यूरोला मध्ये कशाला ठेवायचे? आपण परस्परच ठरवू." या प्रश्नाला ख्रिस्ती शिक्षकाने काय उत्तर द्यावे, याचा आज आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात विचार करू.

आरंभीच कबूल केले पाहिजे की आम्ही स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालो आहोत. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बडोद्यास आम्ही सहावीतल्या एका मुलाला गणित शिकवीत होतो. फी दरमहा ८०० रुपये. त्यातले २०० ब्यूरोचे, ६०० आमचे. मुलाच्या वडिलांनी हिशेब मांडला : "आम्ही तुम्हांला ७०० देतो. आमचे १०० वाचतील, तुमचे १०० वाढतील." घरभाडे थकले होते. आम्ही होय म्हटले, आणि ब्यूरोला कळविले की त्या मुलाची शिकवणी बंद झाली.

पाच महिने सुरळीत गेले. कोणी काही विचारले नाही. मग एका संध्याकाळी आम्ही शिकवीत असताना टेलिफोन वाजला. मुलाने तो उचलला. ब्यूरोतून विचारीत होते, दुसरा शिक्षक पाठवू का? मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नको. सर आता येत नाहीत." फोन खाली ठेवला आणि वही उघडून पुढचे गणित करू लागला. काय बोलायचे हे त्या वेळी त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने ते आमच्याकडूनच शिकून घेतले होते.

त्या रविवारी संडे स्कूलच्या वर्गात त्याच वयाची मुले आमच्यासमोर बसली होती. आम्ही धडा शिकविला. कोणता, ते आज आठवत नाही. फोनवरचा तो मुलगा आठवतो.

अलीशा संदेष्ट्याचा सेवक गेहजी याची गोष्ट आपण सर्वांनी मुलांना सांगितली आहे. अरामाचा सेनापती नामान कोडापासून शुद्ध झाला. त्याने भेट देऊ केली, ती अलीशाने घेतली नाही. देवाची कृपा विकत मिळत नाही, हे त्या परदेशी माणसाला कळावयास हवे होते. पण गेहजी धन्याच्या नकळत रथामागे धावला. त्याने मागितले ते धन्याच्या नावावर मागितले, कारण त्याच्या स्वतःच्या नावाला नामानापाशी काहीच किंमत नव्हती. त्याने एक किक्कार रुपे मागितले. नामानानेच आग्रह करून दोन दिले. घेतलेले घरात लपविले, आणि धन्याने विचारले तेव्हा आपण कोठेच गेलो नव्हतो असे सांगितले.

आमचे पाप याच वाटेने गेले होते. त्या घराचे दार आम्हांला उघडले ते ब्यूरोच्या नावामुळे. आम्ही ते नाव वापरले, मागून त्यालाच वगळले आणि नंतर खोटे बोललो. देणाऱ्याने आपणहोऊन आग्रह केला, ही गेहजीचीही सबब होऊ शकली असती. पण प्रश्न देणारा खूश आहे की नाही हा नव्हता. घेणाऱ्याला तो अधिकार होता की नाही, हा होता.

आता कोणी म्हणेल, "घाम आम्ही गाळावा आणि ब्यूरोने नुसता पत्ता देऊन हिस्सा घ्यावा, हा कोठला न्याय?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ब्यूरो जाहिरात करतो, जागेचे भाडे भरतो, दहा पालकांशी बोलतो तेव्हा एखादे घर ठरते. शिक्षक आजारी पडला तर बदली माणूस पाठवितो. अनोळखी माणसाला आपल्या मुलापाशी बसू द्यावे, एवढा विश्वास पालकांना त्याच्यामुळे वाटतो. या सगळ्याचे मोल आहे. तरीही एखादा ब्यूरो अवाजवी हिस्सा घेत असेल, हेही खरे. लाबानाने याकोबाचे वेतन वारंवार बदलले होते. अशा वेळी तोंडावर बोलावे, हिस्सा कमी करून मागावा, नाही पटले तर मुदतीची सूचना देऊन काम सोडावे. दुसऱ्याने केलेला अन्याय आपल्याला गुपचूप वसुलीचा परवाना देत नाही.

प्रभू येशूने लूकाच्या सोळाव्या अध्यायात शिष्यांना विचारले की परक्याच्या गोष्टीत जो विश्वासू ठरला नाही त्याला त्याचे स्वतःचे कोण देईल? शिकवणीचा व्यवसाय करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःस विचारावा. आज ना उद्या आपलाही स्वतःचा वर्ग असावा, असे ज्याला वाटते त्याने आधी दुसऱ्याने सोपविलेले घर सांभाळून दाखवावे.

मग नाही म्हणावे कसे? योसेफाचे उत्तर पाहा. पोटीफराच्या घरात त्याला गळ घातली गेली ती निराळ्या पापाची, पण त्याच्या नकाराची रीत आपल्या उपयोगाची आहे. धन्याने आपल्यावर किती विश्वास टाकला आहे हे त्याने आधी सांगितले. नंतर सांगितले की हे देवाविरुद्ध पाप होईल. खोटी सबब पुढे केली नाही.

आपणही तसेच करावे. उत्तर त्याच दिवशी द्यावे. "पाहू", "विचार करतो" असे म्हटले की पालक ते अर्धा होकार धरतात. "ब्यूरो दंड करील" अशी भीती पुढे करू नये, कारण मग पालक म्हणतील, त्यांना कळणारच नाही. खरे कारण द्यावे आणि गोड शब्दांत द्यावे : "ताई, तुम्ही माझ्या कामावर विश्वास दाखवलात, बरं वाटलं. पण मला तुमच्या घरी ब्यूरोनं पाठवलं आणि मी त्यांना शब्द दिलाय. फी त्यांच्यामार्फतच राहू द्या. जड जात असेल तर तुम्ही त्यांच्याशी बोला, मीही बोलेन." एवढे पुरे. उपदेश करू नये. पालक वाईट असतात असे नाही. चार पैसे वाचावेत असे कोणाला वाटत नाही?

मूल खोलीत असताना विचारले असेल तर नकारही त्याच्या कानांवर पडू द्यावा. पालकांनी फी कमी करून मागितली आहे, एवढे ब्यूरोला आपणहोऊन सांगावे. ही चहाडी होत नाही, पालकांची अडचण योग्य ठिकाणी पोचते.

अवघड प्रसंग याहून लहान असतात. शेजारीण म्हणते, "आमच्या मुलीलाही शिकवा ना." ती ओळख ब्यूरोच्या कामातून झाली आहे. करारात काय लिहिले आहे ते वाचावे. काहीच लिहिले नसेल तर ब्यूरोला विचारावे. दिवाळीच्या पेढ्यांचा डबा आनंदाने घ्यावा, पण फीचा फरक भरून काढणारे पाकीट परत करावे. आजकाल पैसे फोनवरून क्षणात येतात, कोणाला दिसतही नाहीत. म्हणून तेथे अधिक जपावे.

करार संपल्यावर काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कोणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यास मनाई करणारी अट सामान्यतः रद्दबातल ठरते. करार चालू असतानाची बंधने मात्र न्यायालयांनी सामान्यतः मान्य केली आहेत. तेव्हा शिक्षक जन्मभर बांधलेला नाही. मुदत पाळून, हिशेब चुकता करून, ब्यूरोला सांगून तो मोकळा होऊ शकतो. पालकांशी आधी आतून ठरवायचे आणि मग मुदत संपवायची, हे मात्र गेहजीचेच धावणे होय. शाळेत नोकरीस असलेल्या बंधुभगिनींनी हेही लक्षात ठेवावे की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई करते.

आमच्या गोष्टीचा शेवट सांगावयाचा राहिला. तीन आठवडे आम्ही चालढकल केली. मग पाच महिन्यांचे १००० रुपये घेऊन ब्यूरोत गेलो आणि सर्व सांगितले. मालकांनी नोटा मोजल्या, पावती दिली, एक शब्दही बोलले नाहीत. त्या वर्षी त्यांनी आम्हांला दुसरे घर दिले नाही. मुलाचे वडील रागावले आणि शिकवणी सुटली. काही महिने आम्ही बहिणीकडून उसने घेऊन भाडे भरले. खरे बोललो म्हणून लगेच भरभराट झाली, असे आम्ही सांगू शकत नाही. योसेफही नकारानंतर तुरुंगातच गेला होता. पण देव तेथे त्याच्याबरोबर होता, असे शास्त्र सांगते, आणि त्या ओढगस्तीच्या महिन्यांत आमची प्रार्थना पुन्हा मोकळी झाली, ही आमची साक्ष आहे.

शेवटच्या दिवशी आम्ही त्या मुलाला समोर बसवून म्हटले, "त्या दिवशी तू फोनवर खोटं बोललास, ते माझ्यामुळे. चूक माझी होती." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग आता मला कोण शिकवणार, सर?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पहिल्याच दिवशी आम्ही नाही म्हटले असते तर त्या मुलाचा शिक्षक गेला नसता. प्रियजनहो, ज्यांना उद्या चहाबरोबर हा प्रश्न विचारला जाणार आहे, त्यांनी त्या मुलाची आठवण ठेवावी.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हाती जे दुसऱ्याचे आहे ते आम्हांस विश्वासूपणे सांभाळता येवो. गरजेच्या दिवशी नाही म्हणण्याचे बळ दे, आणि जेथे आम्ही चुकलो तेथे परत जाऊन भरपाई करण्याचे धैर्य दे. आमच्यापुढे बसणाऱ्या लेकरांना आमच्या वागण्याने अडखळण होऊ नये. येशूच्या नावाने मागतो. आमेन.