झोपून उठलेला तो तोच का?

गाढ झोपेतून उठलेला माणूस झोपी गेला होता तोच असतो की दुसरा कोणी, ही शंका भारतीय दर्शनांनी कधी थट्टेवारी नेली नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाचे नववे सूत्र खास या शंकेसाठीच आहे. सुषुप्तीत जीव ब्रह्माशी एकरूप होतो असे उपनिषदे सांगतात. त्यावर पूर्वपक्षी विचारतो की, पाण्याच्या राशीत टाकलेला थेंब पुन्हा तोच म्हणून बाहेर काढता येत नाही, मग ब्रह्मात मिसळलेला जीव तोच कसा उठेल? सूत्रकार उत्तरादाखल चार कारणे देतात: कर्म, अनुस्मृती, शब्द आणि विधी. शंकराचार्यांच्या भाष्यात त्यांचा विस्तार आहे. आदल्या दिवशी अर्धवट राहिलेले काम माणूस दुसऱ्या दिवशी पुरे करतो. पूर्वी पाहिलेले त्याला आठवते. उठणारा तोच आहे असे श्रुती सांगते. आणि उठणारा दुसराच असेल, तर कर्माचे व ज्ञानाचे सगळे विधी व्यर्थ ठरतात, कारण मग नुसते झोपूनच मोक्ष मिळेल. थेंबाच्या दृष्टान्तालाही आचार्यांचे उत्तर आहे: थेंब वेगळा ओळखायला काही साधन नसते, जीवाला मात्र त्याचे कर्म आणि त्याची अविद्या वेगळे राखतात.

या चार कारणांचे वजन सारखे नाही. कोणते कारण नेमके काय सिद्ध करते ते पाहायचे, तर अशी झोप हवी की जिच्यात काय हरपते, काय उरते आणि उरलेले कोण सांभाळते हे उघड दिसते. संगणकातल्या ग्राफिक्स प्रोसेसरची झोप तशी आहे. ती घडवून आणणारा ड्रायव्हर हा माणसांनी लिहिलेला प्रोग्राम असतो, आणि लिनक्समधील असे ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचता येतात. त्यासाठी यंत्राला जीव आहे असे मानण्याची गरज नाही. तर्काची परीक्षा घेण्यापुरती ही झोप पुरेशी आहे.

ग्राफिक्स चिप वीज फार खाते, म्हणून काम नसेल तेव्हा तिला झोपवणे हे ड्रायव्हरचे मोठे कर्तव्य असते. त्यासाठी ड्रायव्हर एक मोजणी ठेवतो. एखाद्या प्रोग्रामला चिप हवी असली की मोजणी एकाने वाढते, काम संपले की एकाने घटते. मोजणी शून्यावर आली तरी चिप लगेच झोपत नाही. एएमडीच्या चिपांसाठी असलेला ड्रायव्हर पाच सेकंद थांबतो, कारण पुढचे काम मागोमाग येण्याचा संभव असतो आणि झोपवण्या-उठवण्यालाही वेळ व वीज लागते. त्या अवधीत कोणी हाक मारली नाही, तर झोप सुरू होते. उथळ झोपेत चिपच्या काही भागांचीच वीज तोडली जाते. सर्वांत खोल झोपेत, म्हणजे डी-३ कोल्ड या अवस्थेत, चिपला जाणारी मुख्य वीज पूर्ण बंद होते.

वीज गेली की चिपमधले सगळे पुसले जाते. रजिस्टरे रिकामी होतात, चिपच्या अंगात भरलेले फर्मवेअर नाहीसे होते, तिच्या स्वतःच्या मेमरीतली चित्रे आणि आकडे जातात. म्हणून झोपेआधी ड्रायव्हर हा ऐवज संगणकाच्या मुख्य मेमरीत हलवतो, पडद्याची मांडणी कशी होती ते नोंदवतो आणि चिपचे एकेक अंग बंद करत जातो. जे अंग सुरुवातीला शेवटी जागे झाले, ते आधी झोपते. उठवताना क्रम उलटा असतो: फर्मवेअर नव्याने भरले जाते, पत्त्यांचे तक्ते नव्याने लिहिले जातात, हलवलेला ऐवज लागेल तसा परत येतो. तो पूर्वीच्याच जागी येईल असे नाही. पण प्रोग्रामला दिलेला आभासी पत्ता तोच राहतो, आणि चिप मध्यंतरी कोरी झाली होती याचा प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. अर्धवट काम पुढे चालू होते, आधीचे ठेवलेले सापडते. सूत्रातली पहिली दोन कारणे, कर्म आणि अनुस्मृती, बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने इथे पुरी होतात. चिपमध्ये मात्र मधल्या काळात स्वतःचे म्हणावे असे काहीच टिकलेले नव्हते. तोचपणा सांभाळला तो ड्रायव्हरने, जो स्वतः जागा होता.

इथे अद्वैतवादी म्हणेल की हेच तर साक्षीचे तत्त्व आहे: झोपणारे झोपते, पण झोपेला प्रकाशित करणारा जागाच असतो. या मुद्द्यावर वेदान्ती आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. सुखाने झोपलो होतो, काही कळले नाही, असे माणूस उठल्यावर म्हणतो. वेदान्त्याच्या मते ही आठवण आहे, आणि आठवण अनुभवावाचून होत नाही, म्हणून झोपेतही कोणीतरी अनुभवत होता. नैयायिकाच्या मते हे अनुमान आहे. झोपेआधीचा क्षण आठवतो, उठल्यानंतरचा कळतो, मधले काहीच आठवत नाही, त्यावरून ज्ञानाचा अभाव ताडला जातो.

ग्राफिक्स चिपच्या बाबतीत दोन्ही पद्धती प्रत्यक्ष वापरात आहेत. इंटेलच्या चिपांत आरसी-६ नावाची उथळ झोप आहे. तिच्यात चित्रे काढणारा भाग निजतो, पण किती वेळ निजला याची मोजणी हार्डवेअर स्वतः करत राहते. म्हणजे आत काहीतरी जागे असते. डी-३ कोल्डमध्ये असे काही उरत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, झोपेआधीची वेळ आणि उठल्याची वेळ टिपतो व वजाबाकी करतो. हे शुद्ध अनुमान आहे. दोन्ही रीतींनी मिळणारा आकडा दिसायला सारखाच, सेकंदांचा हिशेब. उठल्यानंतरचे विधान पाहून आत कोणी जागे होते की नव्हते हे ठरवता येत नाही, इतके यावरून निश्चित होते. शिवाय त्या झोपेत डोकावून पाहण्याचीही सोय नाही. निजलेल्या चिपचे रजिस्टर वाचायचे तर ड्रायव्हरला आधी तिला उठवावे लागते. वीज पूर्ण तुटलेल्या चिपला न उठवता विचारले, तर उत्तरादाखल सगळे बिट एक असलेली संख्या मिळते. कोणी उत्तर देत नाही, एवढाच तिचा अर्थ.

साक्षीचा युक्तिवाद तरीही उभा आहे, कारण आतापर्यंत ड्रायव्हर जागा होता. पुढची पायरी म्हणजे सबंध संगणकाची झोप. मेमरीला तेवढी वीज देऊन बाकी सगळे बंद केले की ड्रायव्हरही थांबतो, कारण त्याला चालवणारा मुख्य प्रोसेसरच बंद असतो. तरी मेमरी धुगधुगीने जिवंत असते. हायबरनेशनमध्ये तीही जाते. सगळ्या मेमरीचे चित्र डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. आता जागे असे कोणीच नाही. आहे ती फक्त नोंद.

उठताना जे घडते ते तत्त्वचिंतकाने जवळून पाहण्यासारखे आहे. आधी एक नवाच कर्नल सुरू होतो. तो डिस्कवरचे चित्र वाचतो, मेमरीत जुन्या कर्नलची जशीच्या तशी स्थापना करतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. जुना कर्नल मेमरीचे चित्र घेत असतानाच्या क्षणी थांबला होता, म्हणून तो त्याच क्षणापासून पुढे चालू लागतो. पण त्या क्षणापासून दोन वाटा निघतात. एक वाट चित्र घेतल्यावर लगेचची: ते डिस्कवर लिहायचे आणि यंत्र बंद करायचे. दुसरी वाट काही तासांनी किंवा दिवसांनी उठल्यानंतरची. दोन्ही वाटांवर मेमरी एकच सांगते, की आत्ताच चित्र घेतले. आपण कोणत्या वाटेवर आहोत हे कर्नलला कसे कळावे? त्यासाठी इन-सस्पेंड नावाचा एक चल मुद्दाम चित्राबाहेर ठेवलेला असतो. मेमरी परत भरताना त्याच्यावर जुनी किंमत चढत नाही. उठवणाऱ्या नव्या कर्नलकडची किंमत तशीच राहते, आणि त्यावरून उठल्याचे कळते. जी गोष्ट आठवणीत सामील नाही, तीच झोप झाल्याचे सांगते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की स्मृती कितीही पूर्ण असली तरी ती स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. चित्र डिस्कवर लिहिण्याच्या वाटेवर जे घडले ते चित्रात नसते. बंद होणाऱ्या त्या कर्नलचे अखेरचे क्षण कोणालाच आठवणार नसतात, तरी तोही पूर्वीच्या सगळ्या स्मृतीचा तितकाच वारस होता. अनुस्मृती हे कारण दोघांनाही सारखेच लागू पडते, म्हणून त्यावरून एकाची निवड होत नाही. दुसरा निष्कर्ष असा की काम अखंड चालण्यासाठी मधल्या काळात कोणी जागे असावेच लागते असे नाही. वसुबंधूंसारख्या बौद्ध आचार्यांनी आत्म्याऐवजी क्षणांची परंपरा, म्हणजे संतान, मानले. हायबरनेशन त्या मताच्या जवळ जाते: मागचा क्षण पुढच्याला कारण होतो, आणि दोघांना ओवणारा धागा वेगळा लागत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत जॉन लॉकने १६९४ साली, आपल्या मुख्य ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, जाणिवेच्या सातत्यावर व्यक्तीचा तोचपणा उभा केला. १७३६ मध्ये जोसेफ बटलरने आक्षेप घेतला की स्मृती तोचपणा गृहीत धरते, तो निर्माण करत नाही. या आक्षेपाचे बळ कर्नलच्या एका छोट्या कामात दिसते. संगणक झोपलेला असताना हॉटप्लग जागेतले, म्हणजे यंत्र न उघडता काढता-घालता येणारे, कार्ड काढून कोणी दुसरे बसवले असेल, तर जुन्या नोंदी भलत्याच कार्डात भरल्या जातील. म्हणून कर्नल उठताना कार्डाचा निर्माता क्रमांक, उपकरण क्रमांक आणि, असल्यास, अनुक्रमांक ताडून पाहतो. नोंद कोणाची आहे हे नोंदीवरून ठरत नाही. ते आधी वेगळ्या मार्गाने ठरवावे लागते.

शंकराचार्यांना ही अडचण ठाऊक होती. बौद्धांचे खंडन करताना, ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात, ते नुसत्या साम्यावर थांबत नाहीत. ज्याने पूर्वी पाहिले तोच मी आता पाहत आहे, या प्रत्यभिज्ञेवर ते भर देतात. ही अनुभूती हे यंत्राहून वेगळे असे माणसाचे प्रमाण आहे. कर्नलमध्ये नोंद आहे, ताडून पाहणे आहे, पण ‘मीच तो’ असे वाटणे असल्याचा काही पुरावा नाही. म्हणून ग्राफिक्स चिपची झोप अद्वैताचे खंडन करत नाही आणि बौद्ध मत सिद्धही करत नाही. ती एवढेच दाखवते की पुरे झालेले काम आणि सापडलेली नोंद यांच्या जोरावर साक्षीपर्यंत पोहोचता येत नाही. साक्षी मानायचा तर तो प्रत्यभिज्ञेच्या आधारावर.

चार कारणांपैकी शब्द हे श्रुतिप्रामाण्य मानणाऱ्यापुरते आहे. उरतो विधी, आणि त्याचे बळ सहसा लक्षात घेतले जात नाही. त्याच्या मुळाशी कर्मसिद्धान्ताची मागणी आहे: केलेल्याचे फळ बुडू नये, न केलेल्याचे पदरी पडू नये. दर्शने या दोषांना कृतहानी आणि अकृताभ्यागम म्हणतात. ग्राफिक्स ड्रायव्हर नेमके हेच दोन दोष टाळत असतो. एकही काम शिल्लक असेपर्यंत मोजणी शून्यावर येत नाही आणि चिप झोपत नाही. एखाद्या प्रोग्रामच्या चुकीने चिप अडकली आणि तिला पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावे लागले, तर इतरांचा मेमरीतला ऐवजही जाऊ शकतो. अशा वेळी एएमडीचा ड्रायव्हर ज्याच्या कामाने चिप अडकली त्याला दोषी ठरवतो आणि ज्यांचे विनाकारण नुकसान झाले त्यांना निर्दोष म्हणून कळवतो. चिप सर्वस्वी कोरी झाली, पण दोषाचा हिशेब चुकला नाही.

म्हणून झोपून उठलेला तोच का, या प्रश्नाची दोन उत्तरे वेगळी ठेवावी लागतात. द्रव्य तेच आहे का, हे कर्म आणि स्मृती यांवरून ठरत नाही. तिथे ज्याची त्याची प्रत्यभिज्ञाच प्रमाण, आणि तिचा अर्थ लावण्यात दर्शनांचा मतभेद राहणारच. जबाबदारी तीच आहे का, याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध देता येते. झोपण्याआधीचे ऋण, दिलेला शब्द आणि केलेला अपराध उठणाऱ्याकडेच येतात. कारण ते त्याच्याकडे येत नाहीत असे मानले, तर कर्म, न्याय आणि मोक्ष या तिन्ही कल्पना एकदमच कोसळतात. सूत्रकारांनी विधी हे कारण शेवटी सांगितले असले, तरी चारही कारणांत सर्वांत भक्कम तेच आहे.